पीयूषिका ग्रंथीची सौम्य गाठ

पीयूषिका किंवा पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खळग्यात बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम भरते. थायरॉइड, अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी), अंडाशय आणि वृषण यांचे काम तिच्या पुढच्या भागातील संप्रेरकांवर चालते, तर शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक मागच्या भागातून रक्तात उतरते. पुढच्या भागातील पेशींची जी गाठ होते तिला पिट्युटरी अ‍ॅडिनोमा म्हणतात. कवटीच्या आतल्या एकूण गाठींपैकी १० ते १५ टक्के गाठी या प्रकारच्या असतात. ती कर्करोगाची नसते आणि शरीरात इतरत्र पसरणे अत्यंत दुर्मीळ. एमआरआयच्या कागदावर ‘गाठ’ हा शब्द दिसताच घरात रडारड सुरू होते, पण या गाठीचा त्रास होतो तो दोन कारणांनी : एखादे संप्रेरक जास्त बनते, किंवा आजूबाजूच्या भागावर दाब येतो.

१० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ ती मायक्रो, त्याहून मोठी ती मॅक्रो. ग्रंथीच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की त्या दाबल्या जातात आणि नजरेच्या दोन्ही बाहेरच्या कडा जातात. समोरचे स्वच्छ दिसते, त्यामुळे रुग्णाला आपली नजर कमी झाली आहे असे वाटतच नाही. होडीवर वावरताना खलाशी बाजूच्या वस्तूंवर आदळतो, दुचाकीवाल्याला कडेने येणारी गाडी दिसत नाही. चष्म्याचा नंबर तपासून हे सापडत नाही. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसावे, त्याचा एक डोळा झाकावा, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगावे आणि कानाच्या बाजूने बोट हळूहळू आत आणावे. एवढी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. शंका आली तर दृष्टिक्षेत्राची यंत्रावरची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्यावी.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, बनवणाऱ्या गाठी सर्वांत जास्त आढळतात. बाईची पाळी चुकते, मूल होत नाही, स्तनातून दूध येते, म्हणून ती लवकर डॉक्टरांकडे पोचते. पुरुषाची कामेच्छा जाते, ते तो कोणाला सांगत नाही आणि गाठ मोठी झाल्यावर, डोकेदुखी किंवा नजरेच्या तक्रारीने कळते. वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर अ‍ॅक्रोमेगाली होते : अंगठी बसेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, घोरणे, घाम आणि मधुमेह सुरू होतो. हा बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्या घरच्यांना दिसत नाही. गणपतीला वर्षाने गावी आलेला चाकरमानीच ‘तोंड असं काय झालंय?’ म्हणून विचारतो. अशा वेळी पाच-दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून पाहणे ही उत्तम तपासणी आहे. रक्तात आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाबरोबर वाढणारा घटक) मोजतात आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर वाढीचे संप्रेरक खाली येते का ते बघतात.

अधिवृक्काला चेतवणाऱ्या संप्रेरकाची गाठ कुशिंग रोग घडवते : गोल चेहरा, पोटावर जांभळे रुंद पट्टे, खुर्चीतून उठताना मांड्यांची ताकद कमी पडणे. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) देऊन सकाळी ८ वाजता कॉर्टिसोल, म्हणजे अधिवृक्काचे स्टिरॉइड संप्रेरक, मोजतात, ते डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी यायला हवे. त्याआधी एक चौकशी सोडू नये. सांधेदुखी, दमा किंवा खाजेसाठी रुग्ण नाव नसलेल्या पुड्या किंवा स्टिरॉइडची मलमे वापरतो का? तसे असेल तर दोष ग्रंथीचा नसून पुडीचा असतो. ती पुडी एका दिवसात बंद करणेही धोक्याचे.

निदानातली सर्वाधिक गफलत प्रोलॅक्टिनच्या आकड्यावरून होते. पित्तावर सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतले डोम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड, मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोन, थायरॉइडची कमतरता आणि गर्भारपण या सर्वांनी प्रोलॅक्टिन वाढते. म्हणून आधी गोळ्यांची पाकिटे बघावीत, गर्भतपासणी आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करावे, मगच एमआरआय. मानसिक आजाराची गोळी मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. प्रोलॅक्टिनचा आकडा मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बहुधा प्रोलॅक्टिनचीच गाठ असते. मोठी गाठ असून आकडा १०० च्या आत आला तर दोन शक्यता उरतात : दुसऱ्या जातीची गाठ ग्रंथीला मेंदूशी जोडणारा देठ दाबते आहे, किंवा प्रोलॅक्टिन इतके जास्त आहे की यंत्र फसले. नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा मोजला की उलगडा होतो. हे न करता ऑपरेशन झाले तर गोळीने बरी होणारी गाठ उगाच कापली जाते.

प्रोलॅक्टिनच्या गाठीवर पहिला उपचार कॅबरगोलिन. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर. मळमळ आणि चक्कर पहिल्या दिवसांत येते. नजर काही दिवसांत सुधारू लागते. जुगार किंवा खरेदीचा अचानक नाद लागला तर तो गोळीचा परिणाम असू शकतो, घरच्यांनी डॉक्टरांना सांगावे. मोठी गाठ आकसताना नाकातून पाण्यासारखा स्राव आला तर त्याच दिवशी दाखवावे. पाळी सुरू होण्याआधीही गर्भ राहू शकतो.

इतर त्रासदायक गाठी नाकातून दुर्बिणीने काढतात. नाकामागची हाडाची पोकळी उघडून, खळग्याचे हाड कोरून गाठ काढतात आणि मांडीची चरबी किंवा नाकातील पडद्याचा तुकडा लावून भोक बुजवतात. नाकाच्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया, तेव्हा दुर्बिणीशिवाय, १९०७ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे श्लोफर यांनी केली. कोकणातले रुग्ण त्यासाठी मुंबई, कोल्हापूर किंवा, सिंधुदुर्गातून, गोव्यातील बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. उरलेल्या गाठीवर किरणोपचार चालतो, पण परिणाम दिसायला वर्षे लागतात.

ऑपरेशननंतरची खरी जोखीम घरी परतल्यावर असते. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी खूप होऊन सोडियम वाढू शकते, ते रुग्णालयात सापडते. पाचव्या ते दहाव्या दिवशी उलट होते : शरीर पाणी धरून ठेवते आणि सोडियम घसरते. तोवर रुग्ण कोकण रेल्वेने गावी पोचलेला असतो. डोके दुखते, उलट्या होतात, बोलणे असंबद्ध होते. उन्हाचा त्रास समजून घरचे शहाळे आणि कोकम सरबत पाजतात, दवाखान्यात ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लागते आणि सोडियम आणखी खाली जाते. सातव्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये सोडियम तपासावे (नेहमीचे १३५ ते १४५). डिस्चार्ज कार्डावर पाण्याची मर्यादा लिहिली असेल तर शहाळे आणि सोलकढीही त्यात मोजावी. नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, नारळाच्या पाट्या उचलू नयेत. खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकले तर पुन्हा रुग्णालय गाठावे.

ग्रंथी दुबळी झाली तर गोळ्या आयुष्यभर लागू शकतात. थायरॉक्सिनच्या आधी स्टिरॉइड सुरू करावे. क्रम उलटला तर अधिवृक्काचा झटका येतो, म्हणजे कॉर्टिसोल एकदम अपुरे पडून जिवावर बेतते. इथे नुसते टीएसएच फसवते, फ्री टी-४, म्हणजे रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक, बघावे लागते. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच्या जागी घ्यायचे स्टिरॉइड) दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, मोठा हिस्सा सकाळी. तापात मात्रा दुप्पट-तिप्पट करावी, उलटीने गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घ्यावे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, डेंग्यू आणि मलेरिया असतातच, घाटही दरड कोसळून बंद पडतात. म्हणून पावसापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन घरात असावे. एकाएकी भयंकर डोकेदुखी, पापणी पडणे आणि नजर जाणे म्हणजे गाठीत रक्तस्राव. तिथल्या तिथे हायड्रोकॉर्टिसोन देऊन मग रुग्ण हलवावा.

गाठ नसतानाही ही ग्रंथी निकामी होते, त्याचे कोकणात लक्षात ठेवण्यासारखे कारण घोणस. या सापाच्या विषाने ग्रंथीत रक्तस्राव होतो किंवा ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो. दंशातून वाचलेला माणूस काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थकवा, कमी रक्तदाब, केस गळणे घेऊन आला तर सकाळी ८ चे कॉर्टिसोल आणि फ्री टी-४ तपासावे.