स्ट्रॉबेरी-किवीचा जॅम मुरंब्यासारखा का करू नये

जानेवारी-फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीचे खोके हातगाड्यांवर दिसायला लागले की घरात दोन-तीन जास्तीचे येतातच. वरची रांग टपोरी, खालची दबलेली. दुसऱ्या दिवशी खालच्या रांगेला पाणी सुटतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘जॅम करून टाकू या.’ फ्रिजमध्ये चार किवी पडलेल्या असतात, त्याही घेऊ म्हणतात. इथून पुढे हात आपोआप मुरंब्याच्या सवयीने चालतो. सगळी साखर एकदम फळावर, उंच पातेलं, मंद आच, अधूनमधून ढवळणं आणि शेवटी चिमटीत धरून तार बघणं. तासाभराने जे होतं ते खायला वाईट नसतं, पण रंग विटकरी, स्ट्रॉबेरीचा वास उडालेला, आणि गार झाल्यावर पोळीवर पसरण्याऐवजी चमच्याला चिकटून लोंबणारा पाक. किवीचा हिरवा रंग शोधूनही सापडत नाही.

यात फळाचा दोष नसतो आणि साखरेचाही नसतो. बाटलीत भरून ठेवले तर जॅम आणि मुरंबा ओळखू येणार नाहीत इतके सारखे दिसतात. दोन्हीत फळ, साखर आणि आंबटपणा हेच तीन घटक. पण दोघांची घडण उलट्या दिशेने होते. मुरंब्यात साखर फळाच्या आत शिरते. फोड अख्खी राहते, पारदर्शक होते आणि पाकात पडून असते. पाक ओघळला तरी कुणाची तक्रार नसते. जॅममध्ये फळ मोडतं, त्यातलं पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा आणणारा चिकट घटक, बाहेर पडतं, आणि पेक्टिनचं बारीक जाळं साखर-पाण्याला जागच्या जागी धरून ठेवतं. मुरंबा साखरेच्या जोरावर उभा असतो, जॅम पेक्टिनच्या.

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही ही दोन वेगळी खाती आहेत. जॅममध्ये साधारणपणे निदान ४५ टक्के फळ हवं, स्ट्रॉबेरी आणि रासबेरीसाठी मात्र २५ टक्के चालतं. मुरंब्यात ५५ टक्के फळ हवं, आणि तेही अख्खं किंवा मोठ्या फोडींचं. विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, दोन्हीत किमान ६५ टक्के. हा ६५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पेक्टिन. कैरीत ते भरपूर असतं आणि आंबटपणाही भरपूर. त्यामुळे कैरीच्या बाबतीत कसंही वागलं तरी पदार्थ घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं की सगळं तारेमुळे झालं. पेरू, कवठ, आवळा यांचंही तसंच; कवठाची जेली जमायला फारशी खटपट लागत नाही ती याच कारणाने. स्ट्रॉबेरी या बाबतीत गरीब. पेक्टिन कमी, आणि पूर्ण पिकलेल्या फळात तर आणखी कमी. किवी तिच्यापेक्षा बरी, शिवाय आंबट, म्हणून ही जोडी चवीपुरती नाही, कामाचीही आहे.

पेक्टिन जमायला तीन गोष्टी एका वेळी लागतात: पुरेशी साखर, पुरेसा आंबटपणा आणि पाणी बऱ्यापैकी आटलेलं असणं. पण तेच पेक्टिन आंबट पाकात फार वेळ शिजत राहिलं तर तुटायला लागतं. मंद आचेवर तासभर रटरटणाऱ्या पातेल्यात पाणी आटतं, साखर घट्ट होते, तारही येते, आणि ज्याच्या भरवशावर जॅम जमायचा ते पेक्टिन तोवर मोडलेलं असतं. कैरीकडे इतकं असतं की थोडं तुटलं तरी उरतं. स्ट्रॉबेरीकडे उरत नाही. वर तिचा लाल रंगही उष्णतेला कच्चा. जितका वेळ शिजेल तितका तपकिरीकडे झुकतो.

म्हणून जॅमला रुंद, पसरट भांडं आणि मोठी आच. वाफ पटकन निघून गेली पाहिजे. तळाला लागेल या भीतीने आच कमी करावीशी वाटते, पण त्यापेक्षा जाड बुडाची स्टीलची कढई घेऊन समोर उभं राहावं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ नको, आंबट फळ धातूला खातं. मुरंब्याला याच्या उलट. तिथे फोडीत साखर शिरायला वेळ लागतो, घाई केली तर फोड आक्रसते. आवळा थेट घट्ट पाकात टाकला की सुरकुततो, कारण आतलं पाणी भराभर बाहेर येतं आणि साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही. म्हणून मोरावळ्याला आधी पातळ पाक, मग हळूहळू घट्ट, मध्ये रात्रभर विश्रांती. जुन्या बायका पाक दोन-तीनदा आटवत असत त्यामागे हेच होतं.

साखर कधी घालायची, इथेही दोघांचं पटत नाही. जॅमसाठी फळ आधी नुसतं मऊ शिजवून घ्यायचं, कारण साखर पडली की फळ मोडायला कुरकुरतं आणि पेक्टिनही नीट सुटत नाही. याउलट स्ट्रॉबेरी अख्खी ठेवून मुरंबा करायचा असेल तर ती रात्रभर साखरेत ठेवायची; फळ टणकावतं, सकाळी सुटलेला पाक वेगळा आटवायचा आणि मग त्यात फळं सोडायची. हाही उत्तम पदार्थ आहे, फक्त त्याला जॅम म्हणून ब्रेडवर फासायला जाऊ नका.

एकतारीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण घोटाळा तिथेच होतो. तार साखरेची घट्टी सांगते. जाळं धरलंय की नाही हे ती सांगू शकत नाही. मुरंब्याला साखरेची घट्टीच बघायची असते, म्हणून तिथे ती अचूक. जॅमसाठी थंड बशी. स्टीलच्या दोन बशा आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. जॅम झाल्यासारखा वाटला की गॅस बंद करून अर्धा चमचा बशीवर टाका, मिनिटभर थांबा आणि कडेने बोटाने ढकला. पृष्ठभागावर सुरकुती पडली आणि बोटाने पाडलेली वाट लगेच भरली नाही, तर जमला. नुसताच ओघळला तर आणखी दोन-तीन मिनिटं उकळा. तपासताना गॅस बंद करायचाच, नाहीतर बशी बघेपर्यंत कढईतलं पुढे निघून जातं.

थर्मामीटर असणाऱ्यांसाठी: पुस्तकांत १०४-१०५ अंश लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे ठीक. पुणं साधारण ५६० मीटरवर, तिथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे साधारण साडेपंच्याण्णवला. जॅम जमतो तो पाण्याच्या उकळीच्या ४-५ अंश वर, म्हणजे महाबळेश्वरच्या स्वयंपाकघरात १००च्या आसपासच काम झालेलं असतं. तिथे १०५ची वाट बघत बसलात तर टॉफी मिळेल. स्ट्रॉबेरीचं माहेर तेच, ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला २०१०मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे हा मुद्दा अगदीच कागदी नाही.

मला यापेक्षा वजनाची पद्धत आवडते. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवा. ७०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, ३०० ग्रॅम सोललेली किवी आणि ७०० ग्रॅम साखर घेतली, तर साखरेचे ७०० आणि फळांच्या स्वतःच्या घन भागाचे सुमारे १०० असे ८०० ग्रॅम होतात. ते एकूण वजनाच्या ६५ टक्के व्हायला हवेत, म्हणजे शेवटी कढईत १२३० ग्रॅमच्या आसपास जॅम उरला पाहिजे. सतराशेहून अधिकचा ऐवज तिथवर आटला की तुम्ही मुक्कामी पोचलात. हे गणित कुठल्याही उंचीवर चालतं. घरी पाच किलोचा वजनकाटा असला की पुरे.

याच प्रमाणाने कृती अशी. स्ट्रॉबेरी देठ काढण्याआधी धुवायची, नाहीतर पाणी आत शिरतं. सगळी फळं लालभडक नकोत; चौथा भाग थोडी कच्चट, पांढऱ्या खांद्यांची घ्या, पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही तिथून मिळतात. मोठी फळं चिरा. एका सफरचंदाची सालं आणि मधला बियांचा भाग मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा; बाजारातली पेक्टिनची पूड न वापरता जॅम जमवायचा हा जुना आणि भरवशाचा उपाय. स्ट्रॉबेरी, दीड लिंबाचा रस आणि पुरचुंडी मध्यम आचेवर दहाएक मिनिटं शिजवा. फळ मऊ झालं की आच बारीक करून साखर घाला आणि पूर्ण विरघळू द्या. झाऱ्याला खरखर लागता कामा नये. पुरचुंडी पिळून काढा. मग मोठी आच. पाचेक मिनिटं जोरात उकळलं की किवीचे तुकडे घाला आणि मगाचं वजन येईपर्यंत उकळत ठेवा. वर येणारा फेस शेवटी काढा, थेंबभर तूप घातलं तर तो बसतोही.

किवी उशिरा घालण्याचं कारण रंग. तिचा हिरवेपणा पालेभाजीतल्यासारखाच हरितद्रव्याचा, आणि आंबट पदार्थात उकळला की तो शेवाळी होतो. उशिरा घातलं तरी थोडं होतंच. टवटवीत हिरवा जॅम बाजारात दिसला तर बाटलीवरची रंगाची ओळ वाचा. किवीच्या मधला पांढरा दांडा कडक राहतो, तो काढून टाका. आणि मिक्सर नको. काळ्या बिया भरडल्या की जॅम किरकिरीत आणि किंचित कडवट लागतो. अख्ख्या बिया मात्र लाल जॅममध्ये फार देखण्या दिसतात.

किवीने जॅम जमत नाही, असं सर्रास ऐकू येतं. ही जेलीची गोष्ट चुकून जॅमच्या नावावर चढली आहे. कच्च्या किवीत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ॲक्टिनिडिन. पाकिटातली जेली जिलेटिनची, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिन. त्यात कच्ची किवी घातली की जेली धरत नाही. दुधात किंवा दह्यात कच्ची किवी थोडा वेळ राहिली तर कडू लागते तीही याच विकरामुळे. पेक्टिन प्रथिन नाही, त्याला या विकराचा काही त्रास नाही, आणि उकळल्यावर ते विकर तसंही निकामी होतं. चायना ग्रासही किवीबरोबर खुशाल धरतं.

वेलची-केशर-लवंग हा मुरंब्याचा प्रांत. स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये वेलची घातली की मला तरी वास शिऱ्याचा येतो, जॅमचा नाही. आवडत असेल तर घाला. गोव्यातलं आंब्याचं मांगाड या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतं: फळ मोडलेलं जॅमसारखं, पण सावकाश आटवलेलं. आंब्याच्या गराला ते मानवतं, कारण त्याची घट्टी मुळात गराची असते. पाण्याने भरलेल्या स्ट्रॉबेरीला नाही मानवत.

साखर कमी करायची का? मुरंब्यात कमी केली तर पाक पातळ राहतो आणि आंबतो, एवढंच. जॅममध्ये दुहेरी फटका बसतो: टिकतही नाही आणि जमतही नाही, कारण साध्या पेक्टिनला जाळं धरायला साखर लागतेच. किलोभर फळाला ३०० ग्रॅम साखर घालून जे होईल ते शिजवलेलं गोड फळ. चवीला छान. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. दुसऱ्या टोकाला, साखर वाढवून फार आटवलं की ती खडे धरते. कैरीच्या मुरंब्यात हे सहसा होत नाही, कारण कैरीचा आंबटपणा साखरेचा काही भाग फोडून ठेवतो. जॅममधलं लिंबूही तेच काम करतं, म्हणून ते फक्त चवीसाठी आहे असं समजून वगळू नका.

भरण्याची रीतही वेगळी. मुरंबा पूर्ण गार करून चिनीमातीच्या बरणीत, वर दादरा बांधून. जॅम गरम असतानाच, उकळून कोरड्या केलेल्या आणि भरताना गरमच असलेल्या छोट्या काचेच्या बाटल्यांत, आणि झाकण लगेच घट्ट. फक्त कढई उतरवल्यावर सात-आठ मिनिटं थांबून एकदा हलक्या हाताने ढवळा. तोवर पाक जरा दाटतो आणि फळाचे तुकडे वर तरंगत नाहीत. भरलेल्या बाटल्या रात्रभर हलवू नका, जाळं धरायला वेळ लागतो. मुरंब्याची बरणी हलवली, ढवळली तरी बिघडत नाही. जमलेला जॅम मात्र एकदा घुसळला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. आणि सकाळी बाटली तिरकी केल्यावर तो ओघळलाच, तर पुन्हा तासभर उकळत बसू नका. दुधात घाला, आइस्क्रीमवर ओता. किवी शिजलेली आहे, दूध कडू होणार नाही.