कंप्लायन्सचा वाद (अमेरिकेतले पोलीस गोळीबार)

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने कुणी मेलं, त्यातही मेलेला काळा असला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पोलीस सांगत होते ते ऐकलं असतं तर वाचला असता. या वाक्यावरून जे भांडण चालतं तोच कंप्लायन्सचा, म्हणजे पोलिसांचं ऐकण्याचा, वाद. मराठी बातम्यांमध्ये याला सर्रास एन्काउंटर म्हणतात ते बरोबर नाही, यातले गाजलेले कित्येक प्रसंग नुसती गाडी थांबवून लायसन्स मागण्यापासून सुरू झालेत.

वाद कधीपासूनचा? बरेच जण २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला तिथपासून धरतात, पण मूळ त्याच्या खूप मागे आहे असं मानणंच जास्त पटतं. इंग्लिश कॉमन लॉमध्ये, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडत गेलेल्या जुन्या कायद्यात, पळून जाणाऱ्या फेलनला, म्हणजे गंभीर गुन्हा केलेल्याला, ठार मारायची मुभा होती, ती साधारण सतराव्या शतकापर्यंत तरी मागे नेता येते. तेव्हा बहुतेक अशा गुन्ह्यांना फाशीच होती, त्यामुळे पळताना मेला काय नि फासावर गेला काय, सारखंच. पुढे फाशी मोजक्या गुन्ह्यांपुरती उरली, मुभा मात्र अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तशीच राहिली. १९७४ साली मेम्फिसमध्ये एडवर्ड गार्नर हा १५ वर्षांचा काळा मुलगा कुंपण चढताना डोक्यात पोलिसाची गोळी लागून मेला, हातात हत्यार नव्हतं, जवळ सापडले १० डॉलर आणि एक पर्स. याच खटल्यात १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसता पळतोय म्हणून गोळी घालता येणार नाही.

मग १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर हा खटला. डेथॉर्न ग्रॅहमला डायबेटिस, साखर उतरत होती म्हणून ज्यूस घ्यायला दुकानात शिरला आणि रांग बघून लगेच बाहेर आला, तेवढ्यावरून पोलिसाला संशय आला, पुढच्या झटापटीत त्याचा पाय मोडला. कोर्टाने कसोटी दिली ती अशी, की त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं ते बघा, मागाहून सुचलेलं शहाणपण लावू नका. बघायच्या गोष्टींत गुन्हा किती गंभीर, धोका किती आणि माणूस विरोध करतोय की पळतोय हे आलं, म्हणजे ‘ऐकलं का’ हा प्रश्न कायद्यातच जाऊन बसला. काही कोर्टं तर गोळी झाडण्याआधीचे शेवटचे दोन-तीन सेकंदच बघायची, ते सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये बार्न्स खटल्यात (ह्यूस्टनमध्ये टोल थकलेली भाड्याची गाडी पोलिसाने अडवली आणि चालवणारा बार्न्स गोळीने मेला) एकमताने बंद केलं. पण पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर काय, हे कोर्टाने तेव्हाही ठरवलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

ऐकूनही गोळी लागल्याची उदाहरणं आहेत. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टीलने आपल्याकडे बंदूक आहे हे स्वतःहून सांगितलं, परवानाही होता, तरी सात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २०१७ मध्ये पोलीस निर्दोष सुटला. त्याआधी २०१४ मध्ये साउथ कॅरोलायनात लायसन्स मागितलं म्हणून एक काळा तरुण ते काढायला गाडीत वाकला आणि त्यालाच गोळी लागली, तो वाचला म्हणून बरं. लायसन्स दाखव आणि हात हलवू नकोस ही दोन्ही कामं एकदम करायची कशी? काळ्या घरांमध्ये आईबाप मुलांना हे सगळं आधीच समजावून ठेवतात, त्याला तिथे ‘द टॉक’ म्हणतात.

आकड्यांवर एकमत नाही. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने २०१५ ते २०२४ केलेल्या नोंदींत वर्षाला हजाराच्या आसपास मृत्यू दिसतात, लोकसंख्येच्या मानाने काळ्यांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांना गोळीबारात वंशभेद दिसला नाही, धक्काबुक्की-बेड्या वगैरेत मात्र दिसला. नॉक्स, लोव आणि मुमोलो या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवलं की पोलिसांच्या नोंदीत फक्त अडवलेले लोक येतात, आणि अडवण्यातच भेद असला तर तो आकड्यांत लपून जातो. हे म्हणणं जास्त भक्कम वाटतं.

भारतीयांशी थेट संबंध आलेला एक गाजलेला प्रसंग गोळीबाराचा नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा फुटपाथवर फिरत होते, शेजाऱ्याने ‘काळा माणूस’ म्हणून पोलिसांना फोन केला, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि अंग काही प्रमाणात लुळं पडलं. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने पोलिसाला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने भरलेल्या, खटल्यातून मोकळं केलं.