केन टर्टल विजयाने ‘शोधलं’ का?

वडोदऱ्यात विश्वामित्री नदीतल्या मगरी-कासवांचा विषय निघाला की मराठी घरांतल्या प्राणिप्रेमी मुलांना हमखास सांगितलं जातं: भारताच्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ जे. विजया यांनी केन टर्टल ही कासवाची नवी जात शोधली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. यातली शोधाची आणि नावाची, दोन्ही विधानं जशीच्या तशी खरी नाहीत.

या कासवाचं शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ हेंडरसन यांनी १९१२ मध्येच केलं होतं. पुढे जवळपास ७० वर्षं ते शास्त्रज्ञांच्या हाती लागलं नाही. केरळच्या जंगलातल्या कादर आदिवासींना मात्र ते ठाऊक होतं. १९८२ मध्ये त्यांच्याच मदतीने विजयांनी ते पुन्हा शोधून काढलं. आणि नुसतं शोधून त्या परतल्या नाहीत. जंगलातल्या गुहेत मुक्काम ठोकून, तळहाताएवढ्या त्या कासवाच्या सवयी त्यांनी टिपल्या. मला तर नव्या जातीला नाव देण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं वाटतं.

नावाचंही तसंच. जातीचं ‘सिल्व्हॅटिका’ हे नाव हेंडरसन यांचंच, आजही कायम आहे. २००६ मध्ये बदललं ते प्रजातीचं, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं नाव: ‘विजयाचेलिस’. तोवर विजया हयात नव्हत्या. १९८७ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या गेल्या.

मद्रासच्या सर्पोद्यानात कॉलेजात असतानाच त्या काम करू लागल्या होत्या. मुलांना गोष्ट सांगताना तिथूनच सुरुवात करावी, आणि कादरांना वगळू नये.