चेहरा पुसला गेला, प्रभावळ राहिली

"काच म्हातारी झाली की खाली उतरते जी. बघा, खालून जाड हाय."

कामठीजवळच्या एका गावात जुनं चर्च आहे. तिथे आता प्रार्थना होत नाही, किल्ली शेजारच्या काकांकडे असते. रंगीत खिडकीतून निखळलेला एक तुकडा माझ्या हातात ठेवत त्यांनी हे सांगितलं. तुकडा खरंच एका कडेला जाड होता. पण काच ओघळत नाही. पूर्वी ती फुंकून, फिरवून बनवायचे, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी यायचीच नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या मध्ययुगीन काचेच्या घडणीवरून २०१७ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला: १०० कोटी वर्षांत ती जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, सरकेल. नागपुरात पारा ४५ वर गेला म्हणून काचेला काही होत नाही.

भट्टीत मात्र काचेच्या आत हालचाल होते, आणि मी चर्चमध्ये दोन तास रेंगाळलो ते त्यासाठीच. खिडकीतल्या संताचे नाक-डोळे जवळजवळ पुसले गेलेत, पण डोक्यामागची पिवळी प्रभावळ लखलखीत आहे. चेहरा आणि प्रभावळ एकाच काचेवर, मध्ये तुकडे जोडणारी शिशाची पट्टीसुद्धा नाही. मग एक गेलं आणि दुसरं कसं राहिलं?

चेहऱ्याच्या रेघा म्हणजे काचेची पूड आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड. हा लेप भाजून काचेवर चिकटवतात, तो वरच राहतो आणि नीट भाजला नसेल तर झडतो. पिवळ्याची गोष्ट वेगळी. चांदीचा क्षार मातीत कालवून काचेच्या मागच्या बाजूला लावतात आणि साधारण ६०० अंशांना भाजतात. काचेत सोडियम-पोटॅशियमचे आयन असतात, म्हणजे एकेक धन विद्युतप्रभार असलेले अणू. चांदीच्या आयनावरही तेवढाच प्रभार. तापलेल्या काचेत सोडियम जागा सोडतो आणि चांदी तिथे जाऊन बसते. पुढे या आयनांना इलेक्ट्रॉन मिळून चांदीचे अणू होतात आणि त्यांचे काही नॅनोमीटरचे कण जमतात. त्या कणांमधले इलेक्ट्रॉन साधारण ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाच्या तालावर डोलतात आणि तोच प्रकाश गिळतात. पलीकडे पोचतो तो पिवळा. थंड झाल्यावर माती खरवडून टाकली तरी रंग जात नाही, कारण तो काचेच्या आत मुरलेला असतो.

युरोपात हे तंत्र चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळलं. पण तेवढ्यावरून 'प्राचीन नॅनोतंत्रज्ञान' असे संदेश फिरवू नयेत. त्या कारागिरांना अणू माहीत नव्हते, भट्टी माहीत होती. त्यांच्या हाताचं कौतुक करायला तेवढं पुरेसं आहे.

निघताना काका ओलं फडकं घेऊन संताचा चेहरा पुसायला गेले. मी घाईने त्यांचा हात धरला. "काका, या रेघा वरवरच्या आहेत, उरलेल्याही जातील." त्यांनी फडकं पिळलं आणि खिडकीखालचा कट्टा तेवढा पुसून घेतला.