चाऱ्याच्या मुळांची ॲल्युमिनिअम परीक्षा

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 8 टक्के ॲल्युमिनिअम आहे. एरवी ते मातीच्या खनिजांत अडकून पडलेले असते. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH; जितका कमी तितकी माती आम्ल) 5 च्या खाली उतरला की मात्र ते विरघळते आणि मुळांच्या मुळावर उठते. कोलंबियातील यानोस आणि ब्राझीलमधील सेराडो या विस्तीर्ण चराऊ प्रदेशांत बरीचशी माती अशीच आम्ल आहे. चुना घातला तर वरचा थर सुधारतो, पण तो खाली फारसा झिरपत नाही. त्यामुळे गुरांना प्रथिने देणारा शेंगवर्गीय चारा तिथे घ्यायचा, तर मुळातच ॲल्युमिनिअम सोसणारी पिके निवडावी लागतात.

घाव बसतो तो मुळाच्या टोकाशी, शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये. तास-दोन तासांत मुळाची वाढ मंदावते. मग ते आखूड, जाड आणि तपकिरी होते, बारीक फाटे फुटत नाहीत. पाने हिरवी दिसतात, पण पावसाने ओढ दिली की असे झाड आधी माना टाकते.

चाचणी दिसायला सोपी. एकाच सामूची दोन द्रावणे, फक्त एकात ॲल्युमिनिअम. दोन्हींत रोपे वाढवून मुळांची लांबी मोजायची आणि गुणोत्तर काढायचे. नुसती लांबी फसवते, कारण काही जातींची मुळे उपजतच लांब असतात. खरी मेख द्रावणात आहे. नेहमीचे पोषणद्रव्य वापरले, तर त्यातला फॉस्फेट ॲल्युमिनिअमला धरून तळाशी बसतो. विषच उरत नाही आणि सगळेच वाण पास! म्हणून कॅल्शियमचे पातळ द्रावण बरे. हिमॅटॉक्सिलिन हा रंग लावला, की ॲल्युमिनिअम शिरलेले टोक जांभळे पडते. सोसणारे मूळ फिकट राहते. अशी कित्येक मुळे सायट्रेटसारखी आम्ले बाहेर सोडून ॲल्युमिनिअमला दारातच अडवतात. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याच्या अनेक जाती इथे तरतात, सुबाभूळ बहुधा मार खाते.

तरी माझा या निकालांवर अर्धाच विश्वास. मुळांवर गाठी धरून झाडाला हवेतले नत्र पुरवणारे रायझोबियम जिवाणू आम्ल मातीत कित्येकदा झाडाच्या आधी हार मानतात. चाचणीत नायट्रेट म्हणजे आयते नत्र दिले असेल, तर ही उणीव झाकलीच जाते. म्हणून खरी पारख शेतातच. कोलंबियात 1983 साली आलेला ‘कापिका’ हा स्टायलो म्हणजे शेतात पारखलेल्या पाच नमुन्यांचे मिश्रण होते.