वेंट (इंग्रजी क्रियापदरूप)

'वेंट' हे इंग्रजीतील 'गो' (जाणे) या क्रियापदाचे भूतकाळी रूप. रूपावली : गो – वेंट – गॉन. गेलो, गेलीस, गेले या सगळ्यांना हे एकच रूप चालते.

मुळात हे रूप 'गो'चे नाहीच. 'वेंड' (वळणे, वाट धरणे) या जुन्या क्रियापदाचा हा भूतकाळ. सेंड–सेंट, बेंड–बेंट, तसे वेंड–वेंट. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ 'एओदे' मागे पडला आणि त्या जागी वेंट रुळले. मराठीतही तेच घडले आहे : 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूवरून आले, 'गेला' हे 'गम्'च्या 'गत'वरून. रूपे पाठ करून घेण्याआधी मुलांना एवढे जरूर सांगावे.

नागपूरच्या मराठी माध्यमातील मुलांच्या चुका बहुधा मराठीच्या सवयीतून येतात. 'मी गेलो नाही' यात नकार आला तरी 'गेलो' तसाच राहतो, म्हणून 'आय डिड नॉट वेंट' लिहिले जाते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतलेला असतो; पुढे मूळ रूपच हवे : 'डिड नॉट गो'. प्रश्नातही तसेच, 'व्हेअर डिड यू गो?' मात्र 'कोण गेलं?' विचारताना 'हू वेंट?', तिथे डिड लागत नाही.

दुसरी चूक जास्त चिवट. 'काल रामटेकला गेलो होतो' याचे 'आय हॅड गॉन टू रामटेक यस्टरडे' होते. नुसती कालची गोष्ट सांगायची तर 'आय वेंट टू रामटेक यस्टरडे' पुरे. 'तू आलास तेव्हा मी रामटेकला गेलो होतो' अशी दुसऱ्या भूतकाळी घटनेआधीची गोष्ट असेल, तरच 'हॅड गॉन'. आणि नागपुरी 'बर्डीला जाऊन राहिलो होतो' म्हणजे अजून वाटेतच. तिथे वेंट नव्हे, 'वॉज गोइंग'.

'बर्डीला' गेलो तर 'वेंट टू बर्डी', पण 'घरी' गेलो तर 'वेंट होम'. मध्ये 'टू' घालू नये.

जाण्यापलीकडचे अर्थही आहेत. 'द मिल्क वेंट बॅड' म्हणजे दूध नासले. 'द लाइट्स वेंट आउट' म्हणजे दिवे गेले. 'द अलार्म वेंट ऑफ' इथे हमखास फसगत होते : 'ऑफ' पाहून गजर बंद झाला असे वाटते, प्रत्यक्षात तो वाजू लागलेला असतो.

उच्चारताना ओठ गोल करावेत, वरचे दात खालच्या ओठाला लावू नयेत. दात लागले की हवा खेळण्याच्या झरोक्याचा 'व्हेंट' ऐकू येतो.