नाताळात आत्महत्या वाढतात? नाही

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येतं: सणाच्या दिवसांत आत्महत्या सर्वाधिक होतात. हे खरं नाही. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, सीडीसीच्या, नोंदी पाहा. डिसेंबर बहुतेक वर्षी सर्वांत कमी प्रमाणाच्या महिन्यांपैकी एक असतो. वाढतं ते वसंतात आणि उन्हाळ्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं ॲनेनबर्ग केंद्र तर १९९९ पासून हा गैरसमज खोडून काढतंय.

मग सणातली उदासी खोटी का? मुळीच नाही. न्यू जर्सीत साडेचारलाच अंधार पडतो. व्हिडिओ कॉलवर आईला 'मस्त चाललंय गं' म्हणायचं, आणि फोन ठेवल्यावर खोलीतला दिवा लावायलाही उठवत नाही. हे अनेकांचं होतं. पण 'सण सरला की बरं वाटेल' म्हणत दुखणं अंगावर काढू नका. आणि घरच्यांनो, एप्रिल-मेमध्येही आपल्या दूरच्या माणसाची तितकीच विचारपूस करा. माझ्या मते या गैरसमजाने खरं नुकसान होतं ते तिथेच: प्रमाण वाढतं त्या महिन्यांत आपलं लक्ष नसतं.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, आत्ताच फोन करा: अमेरिकेत ९८८, भारतात टेलि-मानस १४४१६.